संगीत शिकून पोट भरतं का? कुरुंदवाडच्या माणसाचं उत्तर

"बी.ए.ला संगीत घेतलं तर पुढे नोकरी कसली?" बारावीचा निकाल लागला की कुणी ना कुणी पालक मला हे विचारतातच. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या मिरज-कुरुंदवाड भागातल्या माणसांनी तो विचारावा, याची गंमत वाटते. कारण याचं एक मोठं उत्तर इथूनच बाहेर पडलेल्या माणसानं दिलं होतं.

विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म 1872, कुरुंदवाड. लहानपणी दारूकामात डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. तेव्हा गवयाची 'करिअर' म्हणाल तर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय, नाहीतर नाटक कंपनी. मान तर विचारूच नका. असं सांगतात की एका समारंभाचं आमंत्रण विष्णूला आलं, त्याच्या गुरूंना नाही. गवयाला कसलं आमंत्रण!

1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. 5 मे 1901 ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा 1886 पासून होती, पण ती सयाजीरावांच्या आश्रयावर. लाहोरचं विद्यालय चालायचं लोकांच्या देणग्यांवर आणि बुवांच्या जलशांवर. वर्ग, पुस्तकं, परीक्षा, सगळं शाळेसारखं.

मला त्यातला 'उपदेशक वर्ग' सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निवडक मुलं घ्यायची, राहणं-जेवण विद्यालयाचं, नऊ वर्षं शिकवायचं आणि संगीतशिक्षक करून बाहेर पाठवायचं. म्हणजे नुसते मैफलीचे गवई नाहीत, तर संगीताचे मास्तर! धंदाच नवा उभा केला त्यांनी.

पुढे मुंबईत इमारतीचं कर्ज अंगाशी आलं, वास्तू लिलावात गेली. 1931 मध्ये मिरजेतच बुवा गेले. पण शिष्य पसरलेले होते. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात विद्यालय काढलं, ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले. आपली पोरं देतात ती 'विशारद' परीक्षा याच शिष्यांच्या मंडळाची. दुसरीकडे पेशानं वकील असलेल्या भातखंड्यांनी 1926 मध्ये लखनौला कॉलेज उभारलं. तिथले प्राचार्य रातंजनकर पुढे खैरागडच्या संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रेडिओनंही अनेकांचं घर चालवलं.

आता आजचं बघा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलाशिक्षणासाठी निदेशक हवा म्हटलंय, पण 'अंशकालीन'! त्यात चित्रकलाही आली, त्यामुळे संगीताच्या वाट्याला तेही येईलच असं नाही. एकानं नऊ वर्षं पोसून पूर्णवेळ मास्तर घडवला, आपण त्याला तासावर आणून ठेवला. मग पोरगा एम.ए. होऊन लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो आणि घरी चार शिकवण्या घेतो. यात त्याची काय चूक?

येत्या पालकसभेत एवढंच विचारा, आपल्या शाळेत संगीताला शिक्षक आहे का, आणि असेल तर त्याला महिन्याला किती देता? उत्तर मिळालं की खाली शाळेच्या नावासकट लिहा.