टॉवेलची स्वच्छता
अंग पुसण्याचा टॉवेल किती दिवसांनी धुवावा, याविषयी सर्वमान्य नियम नाही. अमेरिकन क्लीनिंग इन्स्टिट्यूट ही संस्था ३ ते ५ वापरांनंतर धुण्याची शिफारस करते. अर्थात ही संस्था धुलाईची उत्पादने बनविणाऱ्यांचीच आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत पंचा आंघोळीनंतर रोज धुऊन, पिळून वाळत घातला जातो. सोवळ्याच्या आचारात तर धुतलेल्या वस्त्राला ओवळ्याचा स्पर्श झाला तरी ते पुन्हा धुतले जाई. मळाशी त्याचा संबंध नसे.

हा भेद कापडाचाही आहे. पंचा पातळ व विरळ विणीचा असल्याने हाताने सहज धुता येतो आणि लवकर वाळतो. सोलापुरात मोठ्या प्रमाणावर विणल्या जाणाऱ्या टेरी टॉवेलवर सुताचे वेढे असतात. ते पाणी अधिक शोषतात, परंतु ओलही दीर्घकाळ धरून ठेवतात. अशा ओलीत मोराक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू वाढतो आणि धुतलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो. त्यामुळे पावसाळ्यात दिवस मोजण्यापेक्षा दोन वापरांच्या दरम्यान टॉवेल पूर्ण वाळतो की नाही, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

कुटुंबात एकच टॉवेल सर्वांनी वापरणे हा याहून गंभीर प्रश्न आहे. गजकर्ण, डोळे येणे आणि खुपरी हे विकार अशा टॉवेलमधून पसरू शकतात. खुपरीमुळे पापण्यांचे केस आत वळून बुबुळावर घासतात व अंधत्व येऊ शकते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले.