एक दिवसाचा कीटक, तीन वर्षांचं आयुष्य

आजचा विषय आहे एका कीटकाचा आणि त्याला मिळालेल्या दोन नावांचा.

मेफ्लाय या कीटकाला विद्वान ‘एफेमेरा’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एका दिवसापुरता’. अ‍ॅरिस्टॉटलने हिपॅनिस नदीकाठच्या अशा एका जीवाची नोंद केली आहे: उन्हाळ्यात पाण्यातून वर येतो, उडतो आणि सूर्यास्ताला मरतो. पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं विद्वानांना या कीटकाचा मृत्यूच तेवढा दिसत राहिला. क्षणभंगुर आयुष्याचं याहून सोयीचं उदाहरण कुठे मिळणार?

आता दुसरं नाव बघा. हॉलंडमध्ये लोक याच्याच एका मोठ्या जातीला ‘ऊफर-आस’ म्हणत. ऊफर म्हणजे नदीचा काठ, आणि आस म्हणजे गळाला लावायचं आमिष. म्हणजे ज्याने हे नाव ठेवलं, त्याला हा जीव काठाच्या मातीत सापडत होता. विद्वान आकाशाकडे बघत होते, मासे धरणारे चिखलात हात घालत होते.

ही दोन्ही नावं एकाच पुस्तकाच्या शीर्षकात आली १६७५ साली. लेखक यान स्वामरडाम. जन्म १६३७, अ‍ॅमस्टरडॅमचा, बाप औषधविक्रेता. मुलगा लायडनला वैद्यक शिकला, पण वैद्यकी सोडून सूक्ष्मदर्शकाखाली किडे चिरत बसला. काठच्या मातीतली बिळं उकरून त्याने आतली पिल्लं, म्हणजे निम्फ, बाहेर काढली. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले होते, आतड्यात माती होती. आणि वाढलेल्या पिल्लाच्या पाठीवरच्या कोशांत, घडी घालून ठेवलेले पंख होते!

हे पंख फार महत्त्वाचे आहेत. त्या काळी अनेकांची समजूत होती की किडे चिखलातून आपोआप उपजतात, किंवा एक जीव मरून त्याच्यातून दुसराच जन्मतो. स्वामरडामने दाखवलं की चिखलातला आणि हवेतला जीव एकच आहे. पाण्याखालचं आयुष्य त्याने तीन वर्षांचं सांगितलं. हवेतलं? दिवस कसला, चार-पाच तास. तेवढ्यात खाणंपिणंही नाही. म्हणजे ज्याला आपण त्याचं आयुष्य समजत होतो, तो शेवटचा निरोप होता.

गंमत अशी की स्वामरडामच्या पुस्तकाचं उपशीर्षक ‘मानवी जीवनाचं चित्र’ असं आहे, आणि ते धार्मिक चिंतनाने भरलेलं आहे. जग नश्वर आहे, हेच त्यालाही सांगायचं होतं. पण हातातल्या सुरीने वेगळंच काही उघडं केलं. १६८० साली, वयाच्या ४३व्या वर्षी तो गेला. त्याची हस्तलिखितं बूरहाव्हने १७३७-३८मध्ये छापली, तेव्हा कुठे त्याच्या कामाची पुरती ओळख पटली.

आणि त्या कीटकाचं काय झालं? एकोणिसाव्या शतकात डच नद्या सरळ केल्या गेल्या, काठ बांधून काढले गेले, पुढे कारखान्यांचं पाणी आलं. बीळ करायला माती लागते, दगडात बीळ होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ही जात हॉलंडमधून नाहीशी झाली. आज ती पाहायची तर मुख्यतः हंगेरीतल्या तिसा नदीवर जावं लागतं. तिथे जूनमध्ये हजारोंनी किडे पाण्यावर उठतात. लोक त्याला ‘तिसा फुलली’ म्हणतात.

म्हणजे तिला मारलं ते एका दिवसाच्या आयुष्याने नव्हे. तिची तीन वर्षं जिथे जायची, ती जागाच गेली. आपण जे नाव लक्षात ठेवतो, तेवढंच जपायला जातो. कोळ्यांच्या नावात काठ होता. विद्वानांच्या नावात तो नव्हता.

सह्याद्रीच्या ओढ्यांतही मेफ्लायची पिल्लं असतात, चतुरांचीही. पुढच्या वेळी गेलात तर पाण्यातला एखादा दगड हलकेच उलटून बघा. बघून झालं की तसाच परत ठेवा. खाली कुणाचं तरी बहुतेक सगळं आयुष्य चाललेलं असतं.