त्वचेच्या रंगाचे मोजमाप
फेलिक्स फॉन लुशान या मानवशास्त्रज्ञाने त्वचेच्या रंगाची नोंद करण्यासाठी ३६ रंगीत काचतुकड्यांची पट्टी बनवली. जुळणाऱ्या तुकड्याचा क्रमांक लिहायचा. पण एकाच व्यक्तीला दोन निरीक्षक वेगळे क्रमांक देत. पुढे इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये, वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्या मोजल्या (१९२८–३०). कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध त्यांना आढळला नाही. प्रबंधात तसेच लिहिले.

आता मोबाइलचे ॲप छायाचित्रावरून रंगाचा आकडा देते. मात्र कॅमेरा उजेडानुसार रंग आपोआप बदलतो. किनवटच्या शाळेतही हे पाहता येईल. एकाच हाताचे छायाचित्र अंगणात व ट्यूबलाइटखाली घ्यावे, शेजारी करडा कागद ठेवावा. कागदाचाही रंग बदललेला दिसला, तर आपण मोजला तो उजेड, त्वचा नव्हे.