काडीमोड ते न्यायालय

दख्खनच्या अनेक जातींत काडीमोड व फारकत पूर्वापार रूढ होती. परंतु तिचा निवाडा जातपंचायतीच्या हाती असे. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने विवाह मोडण्याचा पंचायतीचा अधिकार अमान्य केला. सोलापूर जिल्हा मुंबई प्रांतात असल्यामुळे १९४७ चा मुंबई हिंदू घटस्फोट कायदा येथेही लागू झाला. बाबासाहेबांनी मांडलेले हिंदू कोड बिल मात्र रखडले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. घटस्फोटाचा हक्क देशभर आला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. कलम २ नुसार हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

तरीही मुद्रांक कागदावरील सोडचिठ्ठी म्हणजेच घटस्फोट, हा समज आजही आढळतो. कलम २९ ने रूढी राखली आहे. पण ती न्यायालयात सिद्ध करावी लागते. ज्यांनी १९५६ साली जात त्यागली, त्यांनी जातीच्या रूढीचा आधार कसा घ्यावा? रूढी सिद्ध न झाल्यास दुसरा विवाह शून्य ठरतो, आणि त्याची झळ बहुधा स्त्रीलाच बसते.

खरे मार्ग दोन. क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग आदी कारणांवरून कलम १३ खाली अर्ज. किंवा वर्षभर विभक्त राहिल्यावर, १९७६ साली आलेल्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीने. २००३ पासून पत्नीला ती राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. म्हणजे सोलापुरात माहेरी आलेली स्त्री सोलापुरातच दाद मागू शकते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना वकील विनामूल्य मिळतो. पंचांपुढे हात जोडण्याचे दिवस सरले आहेत. हक्क मात्र मागावा लागतो.