दारोदार गेलेले अर्थशास्त्र

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि गाद्या डोळ्यांपुढे येतात. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे, त्यातले हत्यार म्हणजे एक छापील तक्ता आणि एक शिसपेन्सिल. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेचा हा इतिहास. मी अर्थशास्त्री नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, वाटाघाटींना लागेल तसतसे झाले. तेव्हा या संस्थेकडे मी कामगारांच्या बाजूने पाहतो, हे आधीच सांगून टाकतो.

६ जून १९३० रोजी संस्था सुरू झाली. रावबहादूर काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ तेव्हा अवघे एकोणतीस वर्षांचे होते, आणि १९६६ पर्यंत ते त्या जागेवर राहिले. राज्य परक्यांचे. सरकारी दप्तर मुख्यतः सारावसुलीच्या सोयीने बांधलेले. गावाची जमीन किती आणि सारा किती, हे त्यात सापडे. ती जमीन कसणाऱ्याच्या घरात दाणा किती महिने पुरतो, हे शोधून सापडणे कठीण. गिरणीचा नफातोटा मालकाच्या वहीत होता. मजुराच्या संसाराची वही ठेवायला कोण बसले होते?

आरंभ साध्या विषयांनी झाला. १९३३ साली संस्थेने पुण्यातील फळांच्या बाजाराची पाहणी प्रसिद्ध केली, १९३५ साली मोटार-वाहतुकीची. देश स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जात असताना हे लोक आंबे-मोसंबी मोजीत बसले, असे कोणी म्हणेल. परंतु फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत किती हातांतून जाते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने शेतमालाच्या भावावर बोलू नये, असे माझे मत आहे. पुढे पुणे शहराची पाहणी झाली. सगळे शहर न मोजता काही घरे निवडायची आणि त्यांच्या दारात जाऊन विचारायचे: मिळवते किती, खाणारे किती, काम कोणते, मिळकत काय. १९३७ च्या सुमाराच्या या पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ साली निघाले. १९५४ साली याच शहराला पुन्हा प्रश्न विचारून १९५६ मध्ये फेरपाहणी छापली. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले, स्वातंत्र्य आले. शहराच्या रोजगारात काय पालटले, हे त्यामुळे अंदाजाने सांगायचे कारण उरले नाही. सोलापूरच्या विणकरांच्या पाहणीचे पुस्तक १९४७ चे.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी मला विशेष मोलाची वाटते. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. कालवा परवडला की नाही, हे ठरवताना सरकार पाणीपट्टीकडे पाही. गाडगिळांनी प्रश्नच मोठा केला. पाणी आल्यावर मजुरी किती वाढली, व्यापाराला काय मिळाले, आडवाटेने कोणाकोणाच्या पदरात काय पडले? या अप्रत्यक्ष फायद्याचाही हिशेब मांडला. पुढे लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा गाडगीळच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. कारखान्यांतून कामगारांना काय मिळाले, हा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

१९४८ च्या मुंबई कूळकायद्याचा संस्थेने केलेला तपास १९५७ साली दांडेकर आणि खुदानपूर यांच्या नावे निघाला. कायदा कुळाच्या रक्षणासाठी. गावोगावच्या नोंदी पाहता कुळे ‘स्वखुशीने’ जमिनी सोडीत होती! जिच्यावर चूल पेटते ती जमीन किती कुळे खुशीने सोडतील? कायदा कागदावर राहिला, असे या अभ्यासाने सरकारला स्पष्ट दाखवले.

वाटाघाटीच्या टेबलावर युनियनचा आकडा मालक मानीत नाही, आणि मालकाचा आम्ही मानीत नाही. अशा वेळी दोघांचेही मीठ न खाल्लेल्या माणसाने काढलेला आकडा लागतो. मुंबईत महागाई निर्देशांकाचा तंटा १९६३ साली पेटला, तेव्हा विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ लकडावाला यांची समिती सरकारला नेमावी लागली, आणि निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही हे कामगारांचे म्हणणे खरे ठरले. घोषणांनी समिती मिळाली. भत्ता मिळाला तो हिशेबाने.

१९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो फोर्ड फाउंडेशनच्या सांगण्यावरून झाला होता. मिठाची गोष्ट मी आताच केली, म्हणून हेही सांगतो. दिवसाला माणशी २,२५० कॅलरी मिळवणाऱ्या माणसाचा एकूण खर्च १९६०-६१ च्या भावांनी त्यांनी काढला: खेड्यात वर्षाला सुमारे १८० रुपये, शहरात २७०. म्हणजे दिवसाला जेमतेम आठ आणे आणि बारा आणे. एवढेही न मिळणारे खेड्यांत शेकडा चाळीस, शहरांत पन्नास निघाले. शहरातले दारिद्र्य हे खेड्यातून ओसंडून आलेले दारिद्र्य आहे, आणि त्यावर उपाय म्हणून गावोगाव सार्वजनिक कामे काढावीत, असे ते म्हणतात. माझी तक्रार मापाबद्दल आहे. १९५७ च्या भारतीय कामगार परिषदेने किमान वेतन ठरवताना सकस आहार, घरभाडे आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरले होते. आठ आण्यांची रेघ माणूस कसाबसा तगतो कुठे, ते दाखवते. मजुरी ठरवताना ती कोणी पुढे करू लागला, तर तिला हरकत घेतली पाहिजे.

दुसरी तक्रार भाषेची. प्रश्न दारात मराठीत विचारले गेले आणि उत्तरे बहुधा इंग्रजीत छापली गेली. १९५७ चे दांडेकर-जगतापांचे ‘महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना’ हे मराठीतले पुस्तक त्याला अपवाद.

महाराष्ट्रात रोजगार हमी योजना १९७२ साली आली, कायदा १९७७ चा, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८० साली, कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी त्या योजनेचीही तपासणी लिहून काढली.