मावळ्याला रंग कोणी दिला?

दिवाळी जवळ आली की अकोल्याच्या गल्ल्यांत मातीचे किल्ले उभे राहतात. आमच्या तालुक्यात खरे गडच इतके, की मुलांना नमुन्यासाठी लांब जावे लागत नाही. रतनगड आहे, हरिश्चंद्रगड आहे, पट्टा आहे. 1679 मध्ये जालन्याच्या मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज पट्ट्यावर विसावले, म्हणून तो विश्रामगड. किल्ला दगड-मातीचा होतो, पण मावळे विकत आणावे लागतात. पूर्वी ते मातीचे असत, पुढे प्लास्टरचे आले, आता प्लास्टिकचे आहेत. शोधले तर धातूचेही मिळतात. प्लास्टिकचे असोत वा धातूचे, आजकाल ते रंगवूनच येतात.

‘मामू, कोणते घ्यायचे?’ असे भाच्याने विचारले तेव्हा मला हा प्रश्न फक्त किमतीचा वाटला होता. इतिहास चाळल्यावर तो तेवढाच राहिला नाही.

धातूची बाजू आधी पाहू. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा आमच्या गावाजवळून खाली जाते आणि आपल्याच जिल्ह्यात दायमाबादला पोचते. तिथे 1974 मध्ये चार ओतीव धातुशिल्पे सापडली: बैल जोडलेला रथ व त्यात उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकत्रित वजन 60 किलोंच्या पुढे, रथाची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर. ती कुठल्या काळातली यावर अभ्यासकांत वाद आहे; पुष्कळजण ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली मानतात. इतकी जड वस्तू मुलांच्या खेळण्यातली नसणार. पण धातूचा गुण त्यातून कळतो. माती भंगते, लाकूड कुजते, धातू हजारो वर्षे थांबतो.

धातूला दुसरी बाजूही आहे. युरोपात लहान मुलांचे शिपाई आधी कथलाचे आणि शिशाचे होत. 1893 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली. धातू कमी लागू लागला, किंमत उतरली. एच. जी. वेल्स या लेखकाने 1913 मध्ये अशा शिपायांनी घरात लढाई कशी खेळावी याचे नियमच पुस्तकात छापले. पण शिसे विषारी. मूल खेळणे तोंडात घालतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक स्वस्त झाले आणि 1966 च्या सुमारास ब्रिटनने शिशाचे शिपाई बंद केले. प्लास्टिक आले म्हणून साध्या घरातल्या मुलाच्या हातात अख्खी फौज आली. ‘स्वस्तातला माल’ म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्याने हे विसरू नये.

रंगाची गोष्ट मात्र निराळी आहे. पटावर लढाया खेळणारे शौकीन पूर्वी धातूचे कोरे शिपाई आणत आणि घरी बसून रंगवत. 2000 साली अमेरिकेत ‘मेज नाइट’ हा खेळ निघाला, त्यातले प्लास्टिकचे योद्धे कारखान्यातूनच रंगून येत. डबा उघडला की खेळ सुरू. सोय झाली, पण आपला कोण आणि शत्रू कोण हे कारखान्यानेच ठरवले.

आपल्या किल्ल्यावर हा मुद्दा जास्त बोचतो. 10 नोव्हेंबर 1659 ची प्रतापगडाची भेट घ्या. भगवा इकडे, हिरवा तिकडे, असे रंगवले की झाले! पण परमानंदाच्या ‘शिवभारता’त महाराजांच्या दहा अंगरक्षकांची नावे आहेत आणि त्यात जिवा महाला व येसाजी कंक यांच्याबरोबर सिद्दी इब्राहीमही आहे. अफझलखानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. पुढे 1665 मध्ये पुरंदरला वेढा घालणारा मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंग, राजपूत. महाराजांच्या आरमारातला एक प्रमुख सरदार दौलतखान. आता रंगवा दोन रंगांत! सिद्दी इब्राहीमला कोणत्या रंगाचा अंगरखा द्याल?

आपल्याकडच्या काहींना मुळात पुतळ्याशी खेळण्याचाच संकोच वाटतो, तो मी समजू शकतो. पण हजरत आयेशा यांच्याकडे बाहुल्या होत्या आणि पंख असलेला घोडाही होता, हे हदीसमध्ये नोंदलेले आहे. शिवाय इराणच्या नीशापूरचा बाराव्या शतकातला बुद्धिबळाचा एक संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चिनीमातीसारख्या मिश्रणाचा, चकाकता. सोंगट्यांना चेहरे नाहीत, हत्तीही नुसत्या आकारावरून ओळखायचा. एक बाजू फिरोजी, दुसरी जांभळट. तिथेही रंगावरूनच पक्ष कळतो. पण खेळ संपला की बाजू बदलता येते. काल फिरोजी खेळणारा आज जांभळट घेतो. त्या रंगाला जात-धर्म चिकटलेला नसतो.

मग घ्यायचे काय? खेळायचे असेल तर प्लास्टिक. पडले तरी मोडत नाही आणि हरवले तरी घरात रडारड होत नाही. कपाटात ठेवायचे, नातवंडांना दाखवायचे असेल तर धातू. पण तो शिसेविरहित आहे ना, हे विचारूनच, आणि अगदी लहान मुलाच्या हाती तो नको. दोन्हींत कोरा मिळाला तर कोराच घ्यावा. नाहीच मिळाला तर रंगाची एक डबी आणि बारीक कुंचला सोबत आणावा. कारखान्याचा रंग शेवटचा नसतो, त्यावर दुसरा हात देता येतो.

भाच्याने प्लास्टिकचे बारा मावळे घेतले. त्यातल्या दहांना तो आता नावे देतो आहे. यादी मी दिली आहे, रंग त्याचा त्याने ठरवायचा.