पवनीच्या स्तूपकर्त्यांचे अन्न

भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठचे पवनी हे बौद्ध संस्कृतीचे प्राचीन केंद्र होय. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या वतीने शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवरील स्तूप प्रकाशात आला. मुचलिंद नागाचे शिल्प आणि दात्यांची नावे असलेले ब्राह्मी लेख मिळाले.

दान देणाऱ्यांची नावे अशी दगडावर राहिली. परंतु ज्यांनी विटा भाजल्या, दगड वाहिले, भिक्षूंच्या पात्रात घास घातला, त्यांच्या चुलीवर काय शिजत होते? विनयपिटकात ओदन, कुम्मास, सत्तू, मच्छ व मंस ही पाच भोजने सांगितली आहेत. पण ती भिक्षूंसंबंधी. कष्टकरी जनांच्या अन्नासाठी आपणास मातीचीच साक्ष काढावी लागते.

ही साक्ष दोन प्रकारची असते. पहिली जळलेल्या दाण्यांची. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील नयाकुंड व भागीमहारी येथील लोहयुगीन वसाहतींमधील असे दाणे डेक्कन कॉलेजचे एम. डी. काजळे यांनी अभ्यासिले. त्यांत तांदूळ, जव व कडधान्ये आढळली. परंतु जो दाणा योगायोगाने करपला तोच टिकतो. कंदमुळे व दळलेले पीठ सहसा मागे राहत नाही.

ही उणीव पिष्टकणांच्या अभ्यासाने भरून निघते. पाट्या-वरवंट्याच्या खाचांत, मडक्याच्या बुडाशी व दातांवरील किटणात वनस्पतींचे सूक्ष्म पिष्टकण हजारो वर्षे राहू शकतात. त्यांच्या आकारावरून सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पती ओळखता येते. हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळी अशाच कणांवरून हळद व आले यांचा वापर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविला गेला. मात्र मर्यादाही आहेत. तांदळाचे कण अतिसूक्ष्म असल्याने ओळखण्यास कठीण; शिजविल्याने कण फुगून विरूपही होतात.

भंडाऱ्याचा शेतकरी आजही धानाच्या बांधीत लाखोळी पेरतो. गरिबाच्या ताटातील ही भात-डाळीची जोडी किती जुनी, हा प्रश्न आमच्या मते राजवंशांच्या वंशावळीइतकाच ऐतिहासिक आहे.

म्हणून पवनी परिसरातील बांधवांना आमची विनंती आहे. शेतात जुना पाटा, वरवंटा वा जाते सापडल्यास ते धुऊ-घासू नये, त्यास शेंदूर लावू नये. जागेची नोंद करून पुरातत्त्व विभागास कळवावे. बुद्धांनी कोणतीही गोष्ट स्वतः पारखून स्वीकारण्यास सांगितले. आपल्या पूर्वजांचा इतिहासही असाच पुराव्याने उभा राहिला पाहिजे. आणि तो पुरावा कदाचित एका पाट्याच्या खाचेत असेल.